ब्रायडीचं सारण कच्चंच भरावं

फॉरफर हे स्कॉटलंडच्या पूर्वेकडच्या अँगस परगण्याचं मुख्य गाव. एकोणिसाव्या शतकात तिथे आधी लिनन आणि नंतर बंगालहून येणाऱ्या तागाचं कापड विणलं जायचं. त्या गावाच्या बेकऱ्यांनी प्रसिद्ध केलेला पदार्थ म्हणजे ब्रायडी. मैद्याच्या पारीत मांस, चरबी, मीठ, मिरी आणि हवा असेल तर कांदा, एवढंच भरून, करंजीसारखी दुमडून, कडेला मुरड घालून ती ओव्हनमध्ये भाजतात आणि हातात धरून खातात. ‘पीटर पॅन’चे लेखक जे. एम. बॅरी फॉरफरजवळच्या किरीम्यूरचे. त्यांच्या १८९६ सालच्या ‘सेंटिमेंटल टॉमी’ या कादंबरीत ब्रायडीचा उल्लेख येतो, म्हणजे तोवर ती त्या मुलखात चांगली ओळखीची झालेली होती. आपल्या घरी ओव्हन किंवा ओटीजी असेल तर हा पदार्थ करणं अवघड नाही. साहित्य मोजकं आहे, हातकौशल्य करंजी करणाऱ्याकडे आधीच असतं. तरीही घरची ब्रायडी बहुतेक वेळा फसते ती एकाच जागी. खिमा म्हटला की आपला हात आपोआप कढईकडे जातो. कांदा परतायचा, आलं-लसूण टाकायचं, खिमा कोरडा होईपर्यंत शिजवायचा, गार करायचा आणि मग भरायचा. असं केलं की ब्रायडी उरत नाही. सारण कच्चंच भरावं. पारीची जाडी, चरबीचं प्रमाण, ओव्हनची आच, वरचं भोक अशा बाकीच्या साऱ्या गोष्टी त्या एका निर्णयावर उभ्या आहेत.

याला जुना लेखी आधार आहे. एफ. मॅरियन मॅकनील यांचं ‘द स्कॉट्स किचन’ हे पुस्तक १९२९ साली निघालं आणि स्कॉटिश स्वयंपाकाबद्दल बोलताना आजही त्याच पुस्तकाकडे जावं लागतं. त्यात फॉरफर ब्रायडीची कृती आहे. एक पौंड, म्हणजे सुमारे ४५० ग्रॅम, चांगलं स्टेक घ्यायचं. ते लाटण्याने ठेचायचं, अरुंद पट्ट्या कापायच्या आणि त्या पट्ट्यांचे इंचभर लांबीचे तुकडे करायचे. मीठ-मिरी लावून त्याचे तीन भाग करायचे. तीन औंस, म्हणजे साधारण ८५ ग्रॅम, चरबी बारीक करून वरून भुरभुरायची. पारीसाठी फक्त पीठ, मीठ आणि पाणी यांचा घट्ट गोळा. लंबगोल लाटून, अर्ध्या भागावर मांस पसरून, दुमडून, मुरड घालून कडक तापलेल्या ओव्हनमध्ये सुमारे अर्धा तास भाजायचं. या कृतीत कढई किंवा पातेलं कुठेच नाही. शिवाय पारीत मोहनही नाही. लेखिका पिठात तूप-लोणी घालायला विसरलेली नाही. पारीला लागणारी स्निग्धता आतल्या कच्च्या चरबीतून मिळते. ती चरबी ओव्हनमध्ये वितळते, काही मांसात राहते, काही पारीच्या आतल्या बाजूला मुरते. सारण आधी कढईत शिजवलं असतं तर ती सगळी कढईच्या तळाशी राहिली असती आणि पारी चिवट झाली असती.

ओव्हनमध्ये आत काय घडतं ते पाहिलं की कच्च्या सारणाची बाजू आणखी भक्कम होते. मांस ६० अंश सेल्सिअसच्या पुढे गेलं की त्यातले धागे आवळतात आणि रस बाहेर ढकलतात. कढईत हे घडतं तेव्हा तो रस वाफ होऊन उडून जातो. खिमा परतताना आधी पाणी सुटतं आणि मग तो कोरडा होतो, हे आपण रोज पाहतो. पारीच्या आत हेच घडतं तेव्हा रसाला पळायला जागा नसते. थोडा कडेच्या पिठात शोषला जातो, बराचसा चरबीत मिसळून मांसाभोवतीच राहतो आणि त्याच वाफेत मांस मऊ होतं. आधी शिजलेलं सारण मात्र दुसऱ्यांदा तापतं तेव्हा त्याच्याकडे द्यायला रस उरलेला नसतो. म्हणून मग लोक त्यात ग्रेव्ही घालतात, ग्रेव्ही पातळ वाटली की कॉर्नफ्लॉवर घालतात. ही ओल पारीला पहिल्या क्षणापासून चिकटलेली असल्यामुळे खालची बाजू भाजण्याऐवजी उकडते. कच्च्या मांसाचा रस उशिरा सुटतो. तोवर पारीची बाहेरची बाजू आणि तळ घट्ट व्हायला लागलेले असतात. आधी शिजवलेल्या सारणाबद्दल ओल आणि कोरडेपणा या दोन तक्रारी एकाच वेळी येतात त्याचं कारण हेच.

हा फॉरफरपुरता हट्ट नाही. स्कॉटलंडभर फुटबॉलच्या मैदानांवर खाल्ली जाणारी स्कॉच पाई दिसायला अगदी वेगळी असते. ती गोल, उभ्या भिंतींची असते, उकळत्या पाण्यात चरबी वितळवून त्याने मळलेल्या पिठाची. तिचं झाकण कडेपेक्षा थोडं खाली बसवलेलं असतं, म्हणजे वरच्या खोलगट जागेत ग्रेव्ही किंवा कुस्करलेला बटाटा घालता येतो. ब्रायडीत चिरलेलं बीफ, तर हिच्यात परंपरेने मेंढीच्या मटणाचा खिमा. आकार, पारी, मांस, सगळं निराळं आणि तरी सारण कच्चंच भरतात. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला कॉर्नवॉलची पेस्टी आहे. २०११ मध्ये तिला युरोपीय संघाचं भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा जी व्याख्या मान्य झाली तिच्यात मांस आणि भाज्या कच्च्या भरून पेस्टी सावकाश भाजायची हे लिहूनच ठेवलेलं आहे. एकमेकांपासून इतक्या दूरच्या आणि इतक्या वेगळ्या दिसणाऱ्या पदार्थांनी एकच रीत धरली असेल, तर त्या रीतीला कारण असणार.

मग आपली रीत चूक आहे का? मुळीच नाही. ती वेगळ्या आचेतून आलेली आहे. आपल्याकडे सारण भरलेले बहुतेक खारे पदार्थ तळणीचे. समोसा कढईत काही मिनिटंच असतो. तेवढ्यात पारी तांबूस होते, पण आतलं कच्चं मांस शिजणं शक्य नाही. म्हणून सारण आधी शिजलेलं असलंच पाहिजे. इराणी बेकरीतलं खिमा पॅटिस भाजलेलं असलं तरी त्यातला खिमा मसाल्याचा असतो आणि कच्चं आलं-लसूण, हळद, तिखट, गरम मसाला यांना तेलावर परतल्याशिवाय चव येत नाही. ते नुसते भाजलेल्या पारीत कोंडले तर कच्चे लागतील. त्यामुळे मसाल्याचा खिमा भरायचा असेल तर तो परतूनच घ्यावा. ते पॅटिस उत्तम होईल, पण ती ब्रायडी नव्हे. ब्रायडी अर्धा-पाऊण तास ओव्हनमध्ये असते आणि तिच्यात परतायला लागेल असा एकही मसाला नसतो. या दोन गोष्टी जुळून येतात म्हणूनच कच्चं सारण चालतं. त्यातली एक जरी बदलली, म्हणजे ब्रायडी तळायला घेतली किंवा तिच्यात आलं-लसणाची गोळी घातली, तरी सगळी रचना मोडते.

आता मांस. मूळ ब्रायडी बीफची आहे आणि अँगस हा तर त्याच नावाच्या काळ्या, बिनशिंगांच्या गुरांचा मुलूख. महाराष्ट्रात गाईच्या आणि २०१५ पासून बैल आणि वळू यांच्याही कत्तलीवर बंदी आहे. म्हशीचं मांस त्या बंदीत येत नाही. गोव्यात आणि परदेशात राहणाऱ्यांना हा प्रश्न नाही. इथे मटणाची ब्रायडी करणं हा नाइलाजाचा तोडगा आहे असं मानायचं कारण नाही, कारण स्कॉच पाईच्या रूपाने मटणाची परंपरा त्याच देशात आहे. फरक एवढाच की तिथलं मटण मेंढीचं आणि आपलं बहुधा बोकडाचं. बोकडाच्या मांसात आतली चरबी फार कमी असते. ती बाहेरून घालावी लागते आणि ब्रायडीत ती तशीही घालायचीच असते. खाटकाकडे खांद्याचं किंवा मांडीचं बिनहाडांचं मांस मागावं. कोवळा बोकड असेल तर मांडीचे वाटाण्याएवढे तुकडे, धाग्याला आडवे कापलेले, सगळ्यात छान लागतात. जून असेल तर जाडसर खिमा, यंत्रातून एकदाच काढलेला. दोनदा काढलेला खिमा भाजल्यावर एकजीव वडीसारखा होतो. खिमा करून आणल्यावर तो धुवू नये. आपल्याकडे तो चाळणीत धुण्याची सवय आहे, पण धुतलेला खिमा पाणी धरून ठेवतो आणि ते पाणी पुढे पारीत उतरतं. धुवायचंच असेल तर अख्खा तुकडा धुऊन, कापडाने टिपून, मग खिमा करून घ्यावा.

चरबीबद्दल जरा थांबून बोलायला हवं, कारण तिथेच बहुतेकांचा हात आखडतो. स्कॉटलंडमध्ये जिला सुएट म्हणतात ती गुर्द्याभोवतीची चरबी असते. ती पांढरी, कोरडी असते आणि चुरली तर भुगा होतो. कातडीखालची चरबी मऊ, पडद्यांनी भरलेली असते. तिचा उपयोग नाही. मटणाच्या दुकानात गुर्द्याभोवतीची चरबी वेगळी मागितली तर मिळते. तिच्यावरचा पातळ पापुद्रा सोलून काढावा, ती तासभर फ्रीझरमध्ये ठेवावी आणि किसणीच्या मोठ्या भोकांवर किसावी. किसताना थोडा मैदा भुरभुरला तर कीस एकमेकाला चिकटत नाही. स्कॉटलंडमध्ये राहणाऱ्या मराठी वाचकांना सुपरमार्केटमध्ये ॲटोराचं तयार सुएट मिळेल. त्याच्या कणांवर पिठाचा लेप आधीच असतो. लोणी ३५ अंशांच्या आतच पातळ होतं. ही चरबी ४५ ते ५० अंशांच्या आसपास वितळते, म्हणजे लोण्यापेक्षा बरीच उशिरा. तोवर ती मांसाच्या तुकड्यांमध्ये अंतर राखते आणि वितळल्यावर तिथे बारीक पोकळ्या राहतात. सारण घट्ट गोळा न होता सुटं राहतं ते यामुळे. तब्येतीसाठी चरबी वगळावी का, हा रास्त प्रश्न आहे. चरबीचं प्रमाण निम्मं केलं तर ब्रायडी थोडी कोरडी होईल पण चालेल. पूर्ण वगळली तर मात्र बोकडाचं मांस भुशासारखं होतं. त्यापेक्षा अर्धी ब्रायडी खावी. दूध, तूप, लोणी यांतला कोणताही पदार्थ तिची जागा नीट घेत नाही. त्यातल्या त्यात फ्रीझरमध्ये कडक केलेलं तूप किसून घातलं तर काम भागतं, पण ते लवकर वितळून तळाशी उतरतं.

सहा ब्रायड्यांसाठी मांस ५०० ग्रॅम, चरबी ८० ग्रॅम, एक मध्यम कांदा म्हणजे साधारण १०० ग्रॅम, मीठ दीड चहाचा चमचा आणि ताजी भरडलेली मिरी दीड चमचा घ्यावी. कांदा अगदी बारीक चिरावा आणि या मापाच्या पुढे जाऊ नये, कारण कांद्याचं पाणी मांसाच्या रसात भर घालतं. मीठ कधी घालायचं याला महत्त्व आहे. मीठ लागलेला खिमा थोड्या वेळात चिकट होतो, आपण सीख कबाबसाठी मुद्दाम करतो तसा. ब्रायडीत तो चिकटपणा नको. म्हणून पाऱ्या लाटून तयार झाल्यावरच मीठ मिसळावं आणि मिसळताना मळू नये, बोटांनी वरखाली करावं. कच्ची पपई लावायचा मोह टाळावा. ती मोठ्या तुकड्यांसाठी ठीक आहे. बारीक तुकड्यांचा आणि खिम्याचा ती लगदा करते.

मॅकनीलबाईंची बिनमोहनाची पारी करून पाहण्यासारखी आहे, पण ती गरमच खावी लागते. गार झाली की कडक होते. आज फॉरफरमध्ये मोहनाची, खुसखुशीत पारी असते, तर स्कॉटलंडच्या इतर भागांत बऱ्याच बेकऱ्या पापुद्र्यांची पफ पेस्ट्री वापरतात. घरी मोहनाची निवडावी. ४०० ग्रॅम मैदा, अर्धा चमचा मीठ आणि १६० ग्रॅम स्निग्ध पदार्थ. त्यात निम्मं बिनमिठाचं लोणी आणि निम्मं गोठलेलं तूप घेतलं तर चव आणि खुसखुशीतपणा दोन्ही साधतं. करंजीला आपण कडकडीत मोहन घालतो. इथे उलट, दोन्ही फ्रिजमधून काढून थंडगार असतानाच पिठात बोटांच्या टोकांनी चोळायचं, रवाळ होईपर्यंत. मग बर्फाचं पाणी लागेल तसं, साधारण १२० मिलिलिटर, घालून गोळा करायचा. मळायचा नाही, नुसता एकत्र आणायचा. तूप निव्वळ स्निग्ध असतं आणि लोण्यात सहावा हिस्सा पाणी असतं, त्यामुळे तुपाचं प्रमाण वाढवलं तर पाणी थोडं जास्त लागेल. त्याचे सहा गोळे करून, झाकून अर्धा तास फ्रिजमध्ये मुरू द्यावेत. मुंबईच्या किंवा कोकणच्या हवेत उन्हाळ्यात पीठ हातात ढिलं पडतं. तेव्हा एका वेळी दोनच गोळे बाहेर काढावेत.

प्रत्येक गोळा लंबगोल लाटायचा. लांबी २० सेंटिमीटर, रुंदी १५, जाडी ४ मिलिमीटर. याहून पातळ लाटली तर रसाने फाटते, जाड ठेवली तर मुरडीपाशी पीठ कच्चं राहतं. लांबीच्या रेषेच्या एका बाजूला, कडेला दीड सेंटिमीटर मोकळं सोडून, सारण सारख्या थरात पसरावं. मध्ये ढीग करू नये. कडेला पाण्याचं बोट फिरवावं, दुसरी बाजू वरून आणून आतली हवा दाबून काढावी आणि अंगठा-तर्जनीने मुरड घालावी. ही मुरड करंजीपेक्षा थोडी जाड ठेवावी, कारण आतून रस आणि वाफ या दोघांचा जोर तिच्यावर येतो. मग वरच्या बाजूला सुरीच्या टोकाने भोक पाडावं. फॉरफरची खूण अशी की एक भोक म्हणजे बिनकांद्याची, दोन भोकं म्हणजे कांद्याची. घरात कांदा न खाणारं कोणी असेल तर ही खूण उपयोगाची आहे, पण भोकाचं मुख्य काम वाफेला वाट देण्याचं. ते नसेल तर वाफ मुरडीतून वाट काढते आणि सगळा रस ट्रेवर वाहून जळतो. भोक पाडल्यावर सुरीचं टोक फिरवून ते मसुराएवढं रुंद करावं. नुसती चीर भाजताना मिटून जाते.

भाजण्याआधी ब्रायड्या पंधरा मिनिटं पुन्हा फ्रिजमध्ये ठेवाव्यात आणि तोवर ओव्हन २०० अंशांवर तापवावा, रिकाम्या ट्रेसकट. तापलेल्या ट्रेवर बटर पेपरसकट ब्रायडी सरकवली की तळ लगेच घट्ट व्हायला लागतो, रस सुटायच्या आधी. ओटीजीत वरची आणि खालची दोन्ही कॉइल चालू हव्यात. २० सेंटिमीटरच्या ब्रायड्या लहान ओटीजीत एका वेळी दोन-तीनच मावतील. बाकीच्या फ्रिजमध्ये थांबवाव्यात. वरून दुधाचा हात फिरवला की रंग छान येतो. २०० अंशांवर १५ मिनिटं, मग १८० वर आणखी २५ ते ३० मिनिटं. वरचा रंग लवकर गडद व्हायला लागला तर फॉइल झाकावी, पण वेळ कमी करू नये. कन्व्हेक्शन असलेला मायक्रोवेव्ह चालतो, नुसता मायक्रोवेव्ह चालत नाही. एअर फ्रायरमध्ये आकार निम्मा करावा लागतो आणि वरची बाजू तळापेक्षा फार आधी भाजते. दुसरं काही नसेल तरच ते करावं.

इथवर वाचून सगळ्यात आधी मनात येणारी शंका सुरक्षिततेची असेल आणि ती योग्यच आहे. अख्ख्या मांसाच्या तुकड्यावर जंतू वरच्या पृष्ठभागावर असतात. खिमा केला की ते आतबाहेर सगळीकडे मिसळतात. म्हणून खिम्याच्या अगदी मध्यापर्यंत तापमान ७१ अंशांवर जाणं आवश्यक मानलं जातं. ब्रायडी ही अट सहज पूर्ण करते आणि त्यात तिच्या आकाराचा मोठा वाटा आहे. सारणाचा थर जेमतेम दीड सेंटिमीटर जाडीचा असतो, म्हणजे उष्णतेला वरून आणि खालून पाऊण-एक सेंटिमीटरच आत जायचं असतं आणि त्यासाठी पाऊण तास मिळतो. आपण मात्र अंदाजावर थांबू नये. अन्नाचा थर्मामीटर ऑनलाइन सहज मिळतो. त्याची सळी वरच्या भोकातून आत घालावी, पारी फोडावी लागत नाही. बोकडाच्या मांसासाठी ७१ ही किमान मर्यादा धरावी आणि ८५ ते ९० पर्यंत जाऊ द्यावं, कारण ते सुरक्षित होण्यापलीकडे मऊ व्हायलाही हवं. थर्मामीटर नसेल तर भोकात रस बुडबुडायला लागल्यावर पुढची दहा मिनिटं तरी ब्रायडी बाहेर काढू नये आणि निघणारा रस गुलाबी दिसला तर परत आत ठेवावी. कच्च्या मांसाचा पाट, सुरी आणि हात साबणाने धुऊन मगच पिठाला हात लावावा. भरलेली कच्ची ब्रायडी ओट्यावर ठेवून इतर कामाला लागू नये. खरं तर आधी शिजवून, गार करायला तास-दीड तास बाहेर ठेवून, मग भरलेलं सारण आपल्या हवेत जास्त काळजी करण्यासारखं असतं. कारण जंतू वाढतात ते त्याच कोमट टप्प्यात.

दुसरी शंका मांस चिवट राहण्याची. कुकरमध्ये मटणाला पाच-सहा शिट्ट्या देणाऱ्याला पाऊण तासात ते शिजेल हे पटत नाही. कुकरमध्ये आपण हाडांसकट मोठे तुकडे शिजवतो आणि त्यातले जाड पडदे विरघळायला तेवढा वेळ लागतोच. ब्रायडीत ते काम सुरीने आधीच केलेलं असतं. मॅकनीलच्या कृतीत मांस लाटण्याने ठेचायला सांगितलं आहे ते उगाच नाही. ठेचून आणि धाग्याला आडवं कापून धागे इतके आखूड होतात की दाताला चिवटपणा जाणवत नाही. पांढरे, चमकदार पडदे दिसतील तेवढे काढून टाकावेत. ते पाऊण तासात विरघळत नाहीत. मांस फारच जून वाटलं तर तुकड्यांचा आग्रह सोडून खिम्याकडे वळावं. आधी शिजवून घेण्यापेक्षा ते कधीही बरं.

तिसरा आक्षेप चवीचा. नुसती मीठ-मिरी म्हणजे मराठी जिभेला फिकं लागणार. या आक्षेपाशी मी निम्मा सहमत आहे. जुनी, डब्यातली, वास उडालेली मिरीपूड वापरली तर खरंच फिकं लागेल. इथे मिरी हाच एकमेव मसाला आहे आणि ती आपल्याच पश्चिम किनाऱ्यावरून जगभर गेलेली आहे. त्यामुळे ती ताजी भरडून, सढळ हाताने घालण्यात कुचराई नको. स्कॉच पाईत जायपत्री किंवा जायफळ घालतात. मटणाच्या ब्रायडीत पाव चमचा जायपत्रीची पूड शोभते आणि तिला परतावं लागत नाही. हिरवी मिरची बारीक चिरून घातली तरी रचना मोडत नाही, तीही कच्ची घातली तरी आत शिजते. मांस आधी खमंग परतल्याने जी भाजलेली चव येते ती इथे मिळत नाही, हे खरं आहे आणि ते मान्य करायला हवं. पण तो खमंगपणा पारीतून येतो. तांबूस भाजलेलं पीठ, मुरडीची करकरीत कड आणि आत रसात शिजलेलं मांस, असे दोन वेगळे स्वाद एका घासात येतात. मांसही परतलं तर दोन्हीकडे एकच चव होते.

फसलेली ब्रायडी पाहून कारण ओळखता येतं. तळ ओला राहिला तर ट्रे तापलेला नव्हता किंवा खिमा धुतलेला होता. मुरड उकलली असेल तर कडेला चरबीचा कण अडकला होता किंवा भोक मिटलं होतं. सारण आवळून मधे पोकळी पडली असेल तर मीठ फार आधी घातलं. पारी लाकडासारखी झाली असेल तर पीठ मळलं गेलं. रस मुळीच नसेल तर चरबी कमी पडली.

ओव्हनमधून काढल्यावर दहा मिनिटं जाळीवर ठेवावी, म्हणजे रस थोडा आत मुरतो आणि पहिल्या घासाला तोंड पोळत नाही. फार गार मात्र करू नये. मटणाची चरबी थंड झाली की टाळ्याला चिकटते, म्हणून मटणाची ब्रायडी डब्यात नेण्यापेक्षा घरी खाण्याची आहे. सोबत काही लागत नाही. हवाच असेल तर व्हिनेगरमधला कांदा द्यावा. उरलेली दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावी, दोन दिवसांत संपवावी आणि १८० अंशांच्या ओव्हनमध्ये पंधरा-वीस मिनिटं, आतपर्यंत वाफाळेल इतकी, गरम करावी. मायक्रोवेव्हमध्ये पारी लिबलिबीत होते. जास्त करून ठेवायच्या असतील तर भाजलेल्या न ठेवता कच्च्या भरलेल्या ठेवाव्यात. ट्रेवर सुट्या गोठवून मग पिशवीत घालाव्यात आणि महिन्याभरात वापराव्यात. मात्र त्यासाठी मांस ताजं हवं, आधी गोठवून वितळवलेलं चालणार नाही. भाजताना त्या वितळू न देता थेट ओव्हनमध्ये घालाव्यात. १९० अंशांवर तासभर लागेल आणि थर्मामीटरची सळी भोकातून आत घालून बघितल्याशिवाय त्या ताटात घेऊ नयेत.